पाण्यात पडलेलं गाव

"तुमचं गाव पुन्हा पाण्यात पडलंय, मास्तर," मी म्हणाले.

गातलुआक मास्तर टेबलापलीकडं उभे होते. मी बसा म्हटलं नव्हतं, म्हणून बसले नव्हते. पन्नाशीचा, ताडासारखा उंच माणूस, लढाई सुरू होण्याआधी शाळेत गणित शिकवायचा. 'मास्तर' हा शब्द मीच त्यांना दिला होता आणि त्यांना तो आवडलाही होता. मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडं वळवला. निळ्या रंगाच्या मधोमध एक लाल ठिपका होता.

"गाव पाण्यातच आहे, मॅडम," ते म्हणाले.

मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. माझी जीभ तेव्हा फार तिखट होती. "हो का? मग मासे राहत असतील तिथं. त्यांना धान्य नको, गांडुळं पाठवू," असं म्हटलं मी. हे वाक्य मला आजही शब्दन् शब्द आठवतं आणि आठवलं की हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

सतरा वर्षं झाली त्याला. आफ्रिकेतल्या त्या देशाचं नाव मी सांगत नाही. तिथं कोण कुणाशी लढत होतं, ते सांगायला बसले तर रात्र पुरणार नाही. माझं काम सोपं होतं, म्हणजे कागदावर तरी सोपं होतं. घरदार सोडून पळालेली माणसं कुठून निघाली, कुठं पोचली आणि किती आहेत याचा माग ठेवायचा. माझी बारा माणसं फोन घेऊन रानोमाळ फिरायची. जिथं पळून आलेली माणसं दिसतील तिथं उभं राहून घरं आणि माणसं लिहायची. जागेचा ठिपका फोन आपोआप टाकायचा. सगळं माझ्याकडं यायचं. मी ते निवडायची, खडे काढायची आणि यादी करायची. यादीत नाव असलेल्या वस्तीला धान्य जायचं. नसलेल्या वस्तीला जायचं नाही.

खडे काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. वडील मोजणी खात्यात होते, बांधाच्या भांडणात कोण खोटं बोलतंय ते त्यांना लांबून कळायचं. मलाही कळतं, असा माझा समज. आमची काही माणसं बाजारात चहाच्या टपरीवर बसून फॉर्म भरायची आणि ठिपका भलतीकडंच पडायचा. म्हणून मी एक नियम केला होता: ठिपका पाण्यात पडला की ती वस्ती यादीतून बाद. माझ्या साहेबांनी, नैरोबीच्या ओटिएनोनं, त्या नियमाचं भर बैठकीत कौतुक केलं होतं.

मास्तरांची ही वस्ती मी तिसऱ्यांदा बाद करत होते. दर पंधरा दिवसांनी ते तीच एकोणीस घरं पाठवायचे. एक तर ठिपका पाण्यात. त्यात दर वेळी वेगळ्या ठिकाणी, आधीच्यापासून दीड-दोन मैल लांब. आणि आकडाही दर वेळी बदललेला: सहासष्ट माणसं, मग चौसष्ट, मग एकसष्ट. खोटं बोलायचं तर माणसानं निदान एकच खोटं धरून बसावं.

"उद्या शुक्रवार," मी म्हणाले. "दुपारी बाराला यादी बंद होईल. आजवर दर पंधरवड्याला व्हायची, पण आता पुढची सहा आठवड्यांनी. तुमच्या या एकोणीस घरांचं काय करू, तुम्हीच सांगा."

मास्तरांनी कोपऱ्यात टंकत बसलेल्या कारकुनाकडं पाहिलं. मग दाराबाहेर पाहिलं, तिथं पहारेकरी बसला होता.

"ते इथं सांगण्यासारखं नाही," ते हळूच म्हणाले. "तुम्ही चला. दाखवतो."

"आणि नसलं काही तर?"

"तर माझा फोन काढून घ्या."

फोन काढून घेणं म्हणजे नोकरी काढून घेणं. माझंही डोकं सणकलं होतं. सकाळचे साडेसहा वाजले असतील. मी म्हटलं, चला, होऊन जाऊ दे एकदा. पाण्याच्या दोन बाटल्या, बिस्किटं आणि सॅटेलाइटचा फोन पिशवीत टाकला आणि घाटावर गेले.

एका झाडाच्या खोडातून कोरलेली होडी होती. मला पोहता येत नाही. मी होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरून बसले आणि मास्तर मागं उभं राहून लांब बांबूनं ती ढकलू लागले. थोड्याच वेळात घाट दिसेनासा झाला. मग नदीही दिसेनाशी झाली, कारण तिथं नदीला काठच नाही. ती पसरते, पसरतच जाते आणि जिकडंतिकडं लव्हाळं उभं असतं, दोन पुरुष उंचीचं, वर हिरवे झुबके असलेलं. त्यातून वाटा फुटतात. एका वाटेतून दुसरी, दुसरीतून तिसरी. कमळाची पानं होडीला घासून जायची आणि पुन्हा जागेवर यायची. तासाभरानं माझ्या हातांची पकड सुटली. आपण पुढं जातोय की लव्हाळं मागं सरकतंय, हे कळेना. डोळे उघडे ठेवून झोप लागल्यासारखं झालं होतं.

"मास्तर, वाट कशी ओळखता?"

"वाट ओळखत नाही. वारा ओळखतो."

मला वाटलं, हे त्यांचं शाळामास्तरी बोलणं.

दहाच्या सुमाराला फोनवरचा आमचा निळा ठिपका त्यांच्या पहिल्या लाल ठिपक्यावर येऊन बसला. मी मान वर केली. सगळीकडं पाणी. एक पांढरा बगळा पानावर उभा होता, तो आमच्याकडं बघून दुसरीकडं बघायला लागला.

"इथं तुम्ही लिहिलंय, एकोणीस घरं, सहासष्ट माणसं," मी म्हणाले.

"होती."

"आणि आता?"

"आता नाहीत."

दुसऱ्या ठिपक्यावरही तेच. फक्त बगळाही नव्हता. खरं सांगते, तेव्हा मला राग यायला हवा होता, पण त्या पाण्यात रागसुद्धा धड येत नव्हता. ऊन पांढरं होतं, आवाज कसलाच नव्हता. मनात आलं, बहुतेक सगळा देशच असा असेल; आपण ठिपके टाकतो आणि खाली काहीच नसतं. मी मास्तरांना म्हटलं, "परत फिरवा. माझं बघून झालं."

त्यांनी बांबू थांबवला. तळहात पाण्यात बुडवून वर धरला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"चार दिवस दक्षिणेचा वारा आहे," ते म्हणाले. "अजून एक तास द्या मला. फक्त एक."

पंचावन्न मिनिटांनी मला धुराचा वास आला. मी घड्याळ बघत होते म्हणून नक्की आठवतं. मग लव्हाळ्याची एक भिंत बाजूला झाली आणि समोर झोपड्या होत्या. लव्हाळ्याच्याच, बुटक्या, एकमेकींना टेकलेल्या. मातीच्या पसरट थाळ्यांवर लहानलहान चुली पेटलेल्या. आणि माणसं, उभी राहून आमच्याकडं बघणारी. कुणी हाक मारली नाही, कुणी धावत आलं नाही.

मी होडीतून उतरले आणि पाय टाकला तो खाली गेला. बुडाला नाही, पण भिजलेल्या गादीवर पाय द्यावा तशी जमीन दबली आणि बाजूची झोपडी किंचित हलली. मी दुसरा पाय टाकला. पुन्हा तेच. माझी पाचावर धारण बसली. मास्तरांनी माझा दंड धरला.

"खाली काय आहे?" मी विचारलं.

"मुळ्या आहेत, कापून टाकलेलं लव्हाळं आहे. त्याच्याखाली पाणी."

"म्हणजे हे तरंगतंय?"

"वारा नेईल तिकडं जातं. वारा नसला की पुरुष बांबूनं ढकलतात. पंधरा दिवसांत दोन मैल, कधी कमी."

मी तिथंच उकिडवी बसले. तीन ठिपके, तीन जागा. तिन्ही खऱ्या होत्या.

"मला सांगायचं नाहीत का हे?" मी म्हटलं. "इतक्यांदा विचारलं मी."

"फोनवर कसं सांगणार? ऐकणारे फार. आणि तुमच्या कचेरीत कोण कुणाचा माणूस आहे, तुम्हाला तरी माहीत आहे का?"

तेवढ्यात एक म्हातारी बाई आली. न्याबोल तिचं नाव. वस्तीत तिचा शब्द चालायचा. तिच्या भाषेतलं मास्तर मला सांगत होते आणि माझं तिला. तिनं मला एक लव्हाळ्याची मोळी बसायला दिली आणि समोर बसली.

"तुझ्यासारखीच काही माणसं आली होती," ती म्हणाली. "तेव्हा आम्ही कोरड्या जमिनीवर होतो. त्यांनी आम्हाला मोजलं, जागा लिहिली. चांगली माणसं होती. नवव्या दिवशी बंदूकवाले आले. ते थेट आले, त्यांना कुणाला वाट विचारावी लागली नाही. मग आम्ही दुसऱ्या गावात गेलो. तिथंही लिहिलं. तिथंही आले."

"आमच्या यादीमुळं?"

"यादी मला कळत नाही. जागा कागदावर गेली की ते येतात, एवढं कळतं. म्हणून आम्ही जागाच ठेवली नाही."

मी मास्तरांकडं वळले. "आणि तरी तुम्ही ठिपके पाठवत होता?"

"वस्ती तिथून हलली की मग पाठवायचो," ते म्हणाले. "चार-पाच दिवसांनी त्याच जागी, मोकळ्या झालेल्या पाण्यावर होडी नेऊन. मी खोटं काही लिहिलं नाही, मॅडम. फक्त उशिरा लिहिलं. मला वाटलं, तुम्ही घरं बघाल, माणसं बघाल. ठिपका कुठं पडला ते बघून सगळंच पुसाल, असं वाटलं नव्हतं."

ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. ते फळ्यावरचं गणित समजावून सांगावं तसं सांगत होते.

वस्ती काय खात होती ते समोरच दिसत होतं. कमळाचे कंद उकडत ठेवले होते, बिया दगडावर वाटत होते. जाळी गावाबरोबर जळली होती. गळाला लागेल तेवढाच मासा. पोरांची पोटं पुढं आणि हात काटक्यांसारखे. एक पोरगी माझ्या बिस्किटांच्या पुड्याकडं बघत होती, पण मागत नव्हती. मी पुडा न्याबोलकडं दिला. तिनं एकेक बिस्कीट मोडून तुकडे केले आणि लहानांपासून वाटले.

मी फोन काढला. "मला मोजावं लागेल," मी म्हणाले आणि सवयीनं बोट पुढं केलं. मास्तरांनी माझं बोट हळूच खाली दाबलं.

"माणसांकडं बोट दाखवून मोजत नाहीत इथं. ज्याला मोजलं तो जातो, असं मानतात. थांबा."

न्याबोलनं एक टोपली मधोमध ठेवली. प्रत्येकानं येऊन त्यात लव्हाळ्याची एक काडी टाकायची, आयांनी लेकरांच्या टाकायच्या आणि मी नंतर काड्या मोजायच्या. माणसं एकामागून एक येत होती. वाऱ्यानं वस्ती अगदी हळू फिरत होती. मघाशी डावीकडं असलेलं ऊन आता माझ्या पाठीवर आलं होतं. टोपलीत काड्या पडण्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. मला वाटत होतं, हे असंच दुपारभर चाललं तरी चालेल.

मग एक तरुण बाई आली. तिनं एक काडी टाकली. मग दुसरी टाकली. थोडी थांबली, वाकली आणि दुसरी काडी काढून घेतली. ती मुठीत धरून आपल्या झोपडीत गेली.

मी काड्या मोजल्या. साठ भरल्या.

"मागच्या वेळी एकसष्ट लिहिलं होतंत," मी मास्तरांना म्हटलं. जुनी खोड, दुसरं काय. शब्द तोंडातून गेले आणि मग मला समजलं.

सहासष्ट, चौसष्ट, एकसष्ट, साठ.

मी त्या आकड्यांना खोटेपणाचा पुरावा समजले होते. पहिल्यांदा पाठवले तेव्हाच मी ते ठेवून घेतले असते तर धान्य तीन आठवड्यांपूर्वी आलं असतं. मास्तर उठून होडीकडं गेले होते, बांबूला लागलेलं शेवाळ पुसत होते. न्याबोल माझ्याकडं बघत होती. तोडकंमोडकं अरबी मला येत होतं, तिलाही येत होतं.

"ती त्याची लेक आहे," ती झोपडीकडं आणि मग मास्तरांकडं मान करून म्हणाली. "पाच महिन्यांचं होतं पोर. रविवारी गेलं. तिचं दूधच आटलं होतं."

रविवारी. आणि आज, गुरुवारी सकाळी, ते माझ्या टेबलासमोर उभे होते आणि मी त्यांना मासे आणि गांडुळं सांगत होते. मी तोंडावर पदर घ्यावा तर पदर नव्हता, ओढणी होती. ती घेतली आणि रडले. न्याबोलनं मला गप्प केलं नाही. ती तिचं कंद सोलायचं काम करत राहिली.

डोळे पुसून मी मास्तरांजवळ गेले. "तुम्ही मला सांगितलं नाहीत," एवढंच म्हटलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मास्तर आपल्या नातेवाइकांसाठी आकडे घुसडतायत."

म्हणाले असते. नक्कीच म्हणाले असते.

"यादी अजून उघडी आहे," मी म्हटलं. "पण जागा लिहायची नाही म्हणता. जागेशिवाय फॉर्म पुढं जात नाही."

"फॉर्ममध्ये दोन जागा आहेत, मॅडम. एक, माणसं राहतात ती. आणि एक, धान्य कुठं घेतील ती. पहिलीत काही लिहिता येत नाही, हे तुमच्या साहेबांना सांगा. दुसरीत पूर्वेचं धक्क्याचं गाव लिहा. तिथं बाजार भरतो, शेकडो होड्या येतात, त्यात आमच्या पाच-सहा कुणाच्या डोळ्यावर येणार नाहीत."

माझाच फॉर्म तो, आणि दुसरा रकाना मी इतक्या दिवसांत नीट वाचला नव्हता.

मी सॅटेलाइट फोन लावला. दोनदा तुटला, तिसऱ्यांदा ओटिएनो आला. मी त्याला सांगितलं की बाद केलेली वस्ती खरी आहे, मी तिच्यावर उभी आहे, आणि राहायची जागा कोरी ठेवायची आहे.

"कोरी? हेमा, नियम तुझाच आहे."

"म्हणूनच मी मोडतेय. सही माझी घे. उद्या कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

तो म्हणाला, "बरं. किती माणसं?"

"सहासष्ट," मी म्हणाले.

कसं तोंडातून गेलं, माहीत नाही. खरं म्हणजे माहीत आहे. सहा माणसांचं धान्य तरी जास्त येऊ दे, एवढं तरी माझ्या हातून होऊ दे, असं वाटलं. मास्तरांनी आकडा ऐकला. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"साठ," ते म्हणाले.

मी फोनवर तळहात झाकला. "मास्तर, सहा माणसांचा वाटा वर येईल. वस्तीलाच मिळेल ना तो? बिघडलं कुठं?"

"बिघडत काही नाही. पण मग ती सहा जणं जिवंत म्हणून लिहिली जातील. पुढच्या यादीत जिवंत, त्याच्या पुढच्या यादीतही जिवंत. ती उपाशी मेली, हे कुठंच राहणार नाही." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "तुम्ही त्यांना तीनदा पुसलंत, मॅडम. आता स्वतःला बरं वाटावं म्हणून चौथ्यांदा पुसू नका."

ओटिएनो तिकडून हॅलो हॅलो करत होता. मी फोन कानाला लावला.

"साठ," मी म्हणाले. "आणि सहा मेले. तेही लिही."

"मृत्यूच्या रकान्यात कारण लागतं."

"भूक लिही. आणि पुढं लिही, यादीतून काढल्यामुळं. कुणी काढलं तेही लिही."

तिकडं त्यानं ते लिहून घेतलं. फोनमधून नुसती खरखर येत होती. मग म्हणाला, "नावं सांग."

मास्तरांना सगळी तोंडपाठ होती. ते एकेक नाव आणि वय सांगत गेले आणि मी ते मागून फोनमध्ये म्हणत गेले. दोन म्हातारे, एक बाळंतीण, आठ वर्षांची एक मुलगी, तीन वर्षांचा एक मुलगा. सहावं नाव सांगताना ते अडखळले नाहीत. माझाच आवाज फुटेना. ओटिएनोनं दोनदा विचारलं, लाइन आहे का म्हणून. मास्तर माझ्याकडं बघत उभे राहिले, आणि मी ते नाव म्हणेपर्यंत त्यांनी ते पुन्हा सांगितलं नाही.